आजीला ताट कोण नेतं?

घर बघायला गेलो तेव्हा काकूंनी आम्हाला दारातच अटी सांगितल्या. वर मासे तळायचे नाहीत. तळायचे असतील तर खाली त्यांच्या ओट्यावर तळायचे आणि त्यांच्या वाटणीच्या तुकड्या काढून ठेवायच्या. रविवारचं दुपारचं जेवण त्यांच्या टेबलावर. ते भाड्यातच धरलेलं होतं, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. आणि शेवटची अट अशी, "दुपारी दोन ते तीन मला हाक मारायची नाही. घराला आग लागली तर नाइन-वन-वनला फोन करा. मला तीननंतर सांगा."

नवरा हसला. काकू हसल्या नाहीत. आम्ही घर घेतलं.

हे न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं, ओक ट्री रोडच्या देशी दुकानांपासून चालत जाता येईल असं घर. साल २००३. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा टेक्सासात अर्विंगला होता, आणि काकू खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. माझा नवरा सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला जायचा तो संध्याकाळी यायचा. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. पुण्यात बँकेत काम केलेली बाई मी, इथे दिवसभर पडदे सरळ करत बसायचे. माझी ही दशा काकूंच्या लक्षात आली असावी. एक दिवस दोनला पाच मिनिटं असताना जिन्यातून हाक आली, "ये खाली. पण मध्ये बोलायचं नाही. काय विचारायचं ते जाहिरातीत विचार."

तेव्हापासून माझं अमेरिकेतलं शिक्षण जाहिरातींच्या वेळात झालं.

दोन ते तीन टीव्हीवर लागायची ती इंग्लिश मालिका काकू या देशात आल्या त्याच्याही आधीपासून चालू होती. सत्तरच्या दशकात लग्न होऊन सांगलीहून थेट न्यू जर्सीच्या बर्फात आलेली मुलगी, नवरा दिवसभर लॅबमध्ये, शेजारी कोणी बोलायला नाही. टीव्ही लावला तर एका छोट्या गावातलं बेकरीवाल्याचं कुटुंब समोर आलं. नवरा-बायको, तीन मुलं, चौथं पोटात, स्वयंपाकघरात एक पिवळं टेबल. "मला इंग्लिश कळत नव्हतं, पण सासू रुसलीय हे कळत होतं," काकू सांगायच्या. त्यांनी त्या घरात पाऊल ठेवलं ते कायमचंच. 'आमच्याकडे' हा शब्द त्या मालिकेसाठी वापरायच्या. "काल आमच्याकडे धाकट्याचा साखरपुडा मोडला," असं त्या एकदा महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला म्हणाल्या आणि एका नवीन आलेल्या बाईंनी त्यांचा हात धरून धीर द्यायला सुरुवात केली. काकूंनी तो धीर शांतपणे घेतला. "बोलली बिचारी चांगलं. कशाला हिरमोड करायचा?"

इंग्लिशही त्या तिथेच शिकल्या, त्यामुळे त्यांच्या इंग्लिशमध्ये साधं वाक्य नव्हतं. सिंकची गळती दुसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा प्लंबर परत आला. काकू दारात उभ्या राहिल्या आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "हाउ डेअर यू शो युअर फेस इन धिस हाउस अगेन?" तो धिप्पाड माणूस हातातली पेटी खाली ठेवून चक्क माफी मागायला लागला. काम मात्र त्याने असं केलं की आम्ही असेपर्यंत ते सिंक पुन्हा गळलं नाही. फोनवर ताटकळत ठेवणाऱ्यांना त्या "यू विल लिव्ह टू रिग्रेट धिस डे" म्हणायच्या. माझं इंग्लिश शुद्ध होतं आणि माझी कामं होत नव्हती. काकूंची व्हायची.

मी बघायला लागले तोपर्यंत त्या बेकरीवाल्याच्या घराची पार दशा झालेली होती. बेकरीवाला गेला, ते काकूंना मान्य होतं. तो नटच खरोखर गेला होता. थोरला विमान अपघातात गेला आणि वेगळा चेहरा घेऊन परत आला. मधली मुलगी स्मृती गमावून कुठल्याशा बेटाची राणी झाली. धाकट्याला मध्येच जुळा भाऊ निघाला, तोही दुष्ट. यावर काकू भयंकर चिडलेल्या होत्या. "बाळंतपण मी बघितलंय," त्या म्हणायच्या. "एकच झालं होतं." मग बेकरी जळाली. तिच्या जागी अत्तरवाल्या अब्जाधीशांचं ऑफिस आलं, आणि गोष्ट हळूहळू त्या अब्जाधीशांची झाली. मूळ घरातलं एकच माणूस उरलं होतं, बेकरीवाल्याची बायको. ती आता आजी होती. कुणी अडचणीत आलं की तिच्याकडे यायचं, ती कॉफी द्यायची आणि दोन शब्द बोलायची. पहिल्या दिवसापासून तीच नटी ते काम करत होती. काकू आणि ती बरोबरच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

काकूंचा एक सिद्धांत होता. तो मी अनेक विद्वानांना ऐकवला आहे, आणि कुणालाही खोडता आलेला नाही.

"मालिका कधी बिघडली सांगू?" काकू म्हणाल्या. "राणीबिणी झाली तेव्हा नाही. माणसं जेवायची थांबली तेव्हा बिघडली. आधी रोज त्या पिवळ्या टेबलावर जेवणं व्हायची. भावाशी भांडण असलं तरी मीठ त्याच्याकडूनच मागायला लागायचं. नुसत्या त्या मिठावर आठवडा निघायचा! आता बघ. हातात ग्लास घेऊन उभे. बसतसुद्धा नाहीत मेले. ज्या घरात कोणी बसून जेवत नाही तिथे लिहिणारा तरी काय लिहिणार? मग आणतो जुळे."

त्या काळात एडिसनमधल्या आम्हा तरुण बायकांना हिंदी मालिकांचं वेड लागलेलं होतं. मोठी एकत्र कुटुंबं, दागिने, सासवा. मी एकदा मोठ्या हौसेने काकूंना वर बोलावून एक भाग दाखवला. यात तरी कुटुंब आहे, असं माझं म्हणणं. काकूंनी पूर्ण भाग बघितला, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघर आहे, पण एकीच्याही पदराला हळदीचा डाग नाही. हे घरही उठणार. आधी कुणीतरी मरून परत येईल, मग गोष्ट एकदम वीस वर्षं पुढे उडी मारेल." तसंच झालं. उडी मारली त्या दिवशी मी खाली जाऊन त्यांना सांगितलं, तर त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. अंत्ययात्रेला जाऊन आल्यासारखा त्यांनी चेहरा केला.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. एक, काकू घरासमोरच्या बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. मुलगा अर्विंगहून धावत आला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्याने तिकडे नवीन मोठं घर बांधलं होतं. प्लास्टरमधल्या आईसमोर बसून तो म्हणाला, "आई, बास झालं आता. हे घर सेल करू. तिकडे वर तुझा फुल स्वीट आहे. अटॅच्ड बाथरूम, टीव्ही, मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज. तुझे गुडघे असे, यू नेव्हर हॅव टू कम डाउन. सगळं वर मिळेल."

"विचार करते," काकू म्हणाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे मालिकेतली आजी दिसेनाशी झाली. एका भागात ती म्हणाली, "मी जरा वर जाऊन पडते," आणि जिना चढली. आठवडे गेले, महिने गेले, ती खाली आली नाही. मेली म्हणावं तर कुणी रडलं नाही. गावाला गेली म्हणावं तर तसंही कुणी म्हणालं नाही. तिच्या नातीचं लग्न त्याच घरात झालं. काकू सगळं लग्न जिन्याकडे बघत बसल्या.

"मेली असेल तर तसं सांगा," जाहिरात लागल्यावर त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मी सुतक धरते. पण घरात लग्न आहे, आजी वर झोपलीय आणि एक माणूस तिचं नाव काढत नाही! हे कुठलं घर?"

त्यांनी टीव्ही कंपनीला फोन केले. तिथली मुलगी गोड बोलायची आणि दुसऱ्या नंबरवर पाठवायची. मुलगा अर्विंगहून म्हणायचा, "आई, इट्स जस्ट अ शो." तेव्हा काकू फोन माझ्या हातात द्यायच्या. त्या काय ते बोलून दाखवत नव्हत्या, पण ती चिंता नुसती मालिकेची नव्हती, एवढं मला कळत होतं. वर जायचं की नाही, हे त्यांनाही ठरवायचं होतं.

मग वसंतात कळलं की मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलात त्या मालिकेच्या प्रेक्षकांसाठी जेवण आहे. तिकीट काढून कुणीही जाऊ शकत होतं. नट-नट्या, लेखक येणार होते. काकूंनी दोन तिकिटं मागवली. जायच्या दिवशी त्या जांभळी इरकल नेसून तयार होत्या आणि हातात एक जड पिशवी होती. गाडीत मी आत बघितलं. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण.

"काकू, हे कशाला?"

"आली असेल तर ओटी भरायची तिची. इतकी वर्षं त्या घरात राबली. निघालीच असेल तर रिकामी कशी जाईल? पण माझा हात नको. तू भर, तू सवाष्ण आहेस."

त्या 'माझा हात नको'चा मला संताप आला. काका गेले म्हणून या बाईच्या हाताला काय झालं? पण काकूंशी वाद घालायला जाहिरातीची वेळ लागते, आणि गाडीत जाहिराती नव्हत्या.

हॉटेलात शंभरेक बायका होत्या. समोर मंचावर हसरे नट-नट्या आणि त्यांच्यामध्ये मुख्य लेखक, उंची कोट घातलेला तरुण माणूस. प्रश्न सुरू झाले. कोण कुणाशी लग्न करणार, जुळा सुधारणार का, असलेच सगळे. काकूंनी हात वर केला. प्लास्टर निघालेलं होतं, पण मनगट अजून वाकडंच होतं. माईक आला. मी मनात म्हटलं, आता याला काहीतरी भयंकर ऐकावं लागणार. पण त्या दिवशी काकूंनी मालिकेतलं एकही वाक्य वापरलं नाही. स्वतःचं इंग्लिश बोलल्या.

"ग्रँडमदर इज अपस्टेअर्स सिन्स विंटर. ओके. हू इज टेकिंग हर प्लेट?"

लेखक हसला. म्हणाला, किती सुंदर प्रश्न. ती आमच्या सगळ्यांच्या हृदयात आहे, तिच्यासाठी दार कायम उघडं आहे.

"डोअर इज ओपन, आय नो," काकू म्हणाल्या. "आय ॲम आस्किंग प्लेट. थर्टी इयर्स शी गेव्ह कॉफी टू एव्हरीबडी. नाउ शी इज अपस्टेअर्स. मॉर्निंग, आफ्टरनून, हू इज टेकिंग?"

लेखकाने माईक पुढच्या टेबलाकडे न्यायची खूण केली. तेवढ्यात अगदी मागच्या टेबलावरून एक बाई मोठ्याने हसली आणि टाळ्या वाजवायला लागली. सगळ्या माना वळल्या. राखाडी स्वेटर घातलेली, आमच्यासारखीच तिकीट काढून आलेली ती म्हातारी म्हणजे मालिकेतली आजीच होती. बायका उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात. मंचावरच्यांनाही शेवटी उठावं लागलं.

आम्ही पिशवी घेऊन तिच्याकडे गेलो. तिने सांगितलं की तिचा करार पुढे चालवला नव्हता, आणि हे तिला फोनवर सांगितलं. निरोपाचा प्रसंगही लिहिला नव्हता. मी ओटी म्हणजे काय ते समजावायला लागले, तर काकूंनी मला थांबवलं. एक महत्त्वाची गोष्ट आधी विचारायची होती.

"युअर हजबंड इज अलाइव्ह?"

"कितवा?" तिने विचारलं.

काकू क्षणभर गडबडल्या. हिशेब असा निघाला की चौघांशी लग्नं झाली होती, त्यांतले दोघं जिवंत होते, आणि चौघांपैकी एकही आता नवरा नव्हता. काकूंनी माझ्याकडे बघून मराठीत निकाल दिला, "दोन आहेत. चालेल. भर."

साडी नव्हती, म्हणून तिने स्वेटरचा घेर पुढे धरला. मी खण, नारळ, तांदूळ घातले. तिने विचारलं, प्रश्न हिने विचारला, सामान हिने आणलं, मग ही का घालत नाही? मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटली. त्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझे दोन जिवंत आहेत आणि एकाचाही उपयोग नाही. हिचा एकच होता, पण चांगला होता ना? मला हिच्या हातचं हवंय." आणि तिने काकूंचं वाकडं मनगट धरून तांदळाच्या पिशवीत घातलं. काकूंनी मूठ भरून घेतली. पण मूठ सोडवेना. तशाच त्या रडायला लागल्या, आणि ती दुसरी म्हातारीही. आजूबाजूच्या बायका फोटो काढत होत्या. मी नारळ सांभाळत उभी होते आणि मलाही काही दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत नुअर्क येईपर्यंत काकू रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला मी विचारलं खरं. पण माझं काय? इथे राहिले तर खाली राहीन, पण टेबलावर एकटी. तिकडे गेले तर ताट येईल. गरम येईल, सून चांगली आहे. पण ताट वर येईल."

"आम्ही आहोत ना काकू इथे."

"तुम्ही भाडं देता गं. उद्या ग्रीन कार्ड होईल, घर घ्याल, जाल. जायलाच पाहिजे." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी बाहेर बघायला लागले, कारण त्याच आठवड्यात आम्ही एक घर बघून आलो होतो.

त्या उन्हाळ्यात एका भागात, कुठल्याशा प्रसंगाच्या मागे, एक मोलकरीण ट्रे घेऊन जिना चढताना दिसली. बास, तेवढंच. वर कोण आहे ते कुणी सांगितलं नाही. मी आनंदाने ओरडले, मध्ये बोलायचं नाही हेसुद्धा विसरले. काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "उघडंच नेलं," त्या म्हणाल्या. "वरून झाकणसुद्धा नाही." आणि तीन वाजायच्या आत, माझ्यासमोर, त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि मुलाला फोन लावला.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पण वर राहणार नाही."

"आई, खाली बेडरूमच नाहीये. खाली फक्त फॉर्मल डायनिंग आहे."

"तीच दे."

मुलाने खूप समजावलं. पाहुणे काय म्हणतील, झुंबर आहे तिथे, दार नाही त्या खोलीला, प्रायव्हसी राहणार नाही. "प्रायव्हसी इथे भरपूर झाली," काकू म्हणाल्या. एडिसनचं घर विकलं गेलं. आम्ही वेस्ट विंडसरला राहायला गेलो.

दोन वर्षांनी नवऱ्याचं डॅलसला काम निघालं म्हणून मी बरोबर गेले आणि अर्विंगला काकूंकडे पोचले. झुंबराखाली पलंग होता. मोठं डायनिंग टेबल पलंगाला लावून ठेवलं होतं. एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला पलंगावर काकू. त्या घरात स्वयंपाकघरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या समोरूनच जावं लागायचं. सून घरून काम करायची, ती सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप घेऊन तिथेच येऊन बसली. मुलगाही शनिवार म्हणून घरी होता. "सुरुवातीला सॉलिड चिडलो होतो मी," तो मला म्हणाला, आणि पाण्याचे ग्लास मांडायला गेला.

मी विचारलं, "काकू, मालिका?"

"आल्याआल्या बघितली थोडी. इथे एक तास आधी लागते, एक वाजता. नेमकी जेवणाची वेळ. सोडून दिली."

"मग आजीचं काय झालं?"

"मला काय माहीत? बघायला वेळ कुणाला आहे?"

पोळ्या आल्या. एक खुर्ची रिकामी होती. वरून पंधरा वर्षांच्या नातीचा आवाज आला, "आजी, आय हॅव अ टेस्ट मंडे! कॅन समवन ब्रिंग इट अप?"

सून उठायला लागली. काकूंनी तिला हाताने बसवलं, मान वर केली आणि सगळ्या घरात घुमेल अशा आवाजात म्हणाल्या, "यू विल कम डाउन धिस इन्स्टंट, यंग लेडी, ऑर यू विल नेव्हर सी अनदर पोळी इन धिस हाउस अॅज लाँग अॅज आय लिव्ह!"

वर दार आपटलं. जिन्यावर पावलं धाडधाड वाजली. नात फिजिक्सचं पुस्तक काखेत मारून आली, खुर्ची सोडून आजीच्या पलंगावर बसली आणि ताट पुढे ओढलं. "ओ माय गॉड, आजी," ती म्हणाली, "यू आर सो ड्रमॅटिक."

काकूंनी तिच्या पोळीवर तूप सोडलं.

"असू दे," त्या मला म्हणाल्या. "रोज म्हणते. आणि रोज येते."